चपलांपाशी

एसीच्या थंडीत कोंडलेला मोज्यांचा वास आला, की नाशिक रोडच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते. तिथल्या एका मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली, म्हणून सरांनी मला आठवडाभर दाराबाहेर चपलांपाशी उभं केलं. “फुकटचं माझ्या लॅबमध्ये नको.” मग मी लिनक्सच्याच कमांड त्यांच्या लाडक्या विंडोजच्या आत गुपचूप बसवल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी शेकडो फायलींची नावं बदलायची होती. माझ्या वाट्याच्या मी त्या कमांडच्या एका ओळीत संपवल्या. सर एकेक करत बसले होते. मी निघालो, तर नुसत्या मोज्यांवर मागे आले. “माझ्याही करून दे ना.” मी चपला घातल्या. “सर, फुकटचं आहे ते.” आज मीही शिकवतो, माफ करावं हे कळतं; पण त्या चपला घालतानाची मजा अजून उतरलेली नाही.