चाकाखालचं लिंबू

गेल्या दसऱ्याचं लिंबू अजून पुढच्या चाकाखाली आहे. वाळून सुपारीसारखं टणक झालंय. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढे घेऊन ते चिरडायचं. आमची गाडी कधी पुढे गेलीच नाही. दरवर्षी दिवाळीच्या झाडलोटीत सुमन, माझी बायको, ते उचलून टाकायची. गेल्या वर्षी तिने राहू दिलं.

ही जुनी विलायती, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार मी एका गोठ्यातून आणली, तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. आठ वर्षं ती पोर्चमध्ये आहे आणि दर रविवारी मी तिच्याखाली. कुणाचं लग्न असो, सहल असो, माझं उत्तर तयार असतं, "गाडीचं काम काढलंय."

गेल्या महिन्यात इंजिन सुरू झालं. अगदी खणखणीत. फाटकाबाहेर रस्ता होता, आणि मला कुठेच जायचं नव्हतं. आठ वर्षांत हे मला कळलंच नव्हतं.

आज पुन्हा दसरा. सुमन पूजेचं ताट घेऊन आली.

"अहो, निदान फाटकापर्यंत तरी न्या."

"ब्रेकचा भरवसा नाही अजून," मी म्हणालो. ब्रेकचं काम मी तीनदा पुरं केलंय.

तिने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, जुन्या लिंबाशेजारी नवं लिंबू ठेवलं आणि आत गेली.

मी पाना घेतला आणि ब्रेकचा नट पुन्हा सैल केला.