कुंपणाचे मुकादम

सीत्से बोएर्मा जन्मभर कालव्यावरच्या पुलाचे रखवालदार होते. बोट आली की घंटा वाजवायची, आडवा दांडा खाली सोडून रस्ता अडवायचा आणि पूल उघडायचा. मग डॉक्टर असो, पाद्री असो की लग्नाला निघालेला नवरदेव, सगळे मुकाट्याने थांबायचे. पुढे तो पूल दूरच्या शहरातून बटणावर उघडू लागला आणि सीत्सेआजोबांना नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या या वृद्धाश्रमात खिडकीजवळची खुर्ची मिळाली. इथे त्यांचं कुणी ऐकत नसे. आश्रमाचं मांजरसुद्धा.

अपवाद फक्त मे महिन्यातल्या एका दिवसाचा. त्या दिवशी गावातल्या विमा कंपनीची माणसं पाठीवर ‘आम्ही समाजाचं देणं फेडतो’ असं छापलेले निळे टी-शर्ट घालून आश्रमाचं कुंपण रंगवायला यायची. आजोबांना रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण खुर्ची अंगणात टाकून ते दिवसभर मुकादमी करायचे. “अरे, लापशी ढवळतोयस का? वरून खाली! थांब म्हटलं ना!” आणि चक्क माणसं थांबायची.

दरवर्षीच्या रंगाने कुंपणाचं फाटक इतकं सुजलं होतं की ते लागेनासं झालं होतं. म्हणून एप्रिलमध्ये आश्रमातली म्हातारी मंडळी गुपचूप रंग खरवडत बसायची. नाहीतर पाहुण्यांना करायला काम काय उरणार?

यंदा एप्रिल उजाडायच्या आतच कंपनीची मार्लूस आली. कंपनीचं समाजकार्य आणि कंपनीचा धंदा यांची सांगड घालायची, ही तिची नवी नोकरी. कॉफी आली, तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला एकच बिस्कीट मिळालं, डब्याचं झाकण रीतसर बंद झालं आणि ती म्हणाली, “आजोबा, आता कुंपण बंद. आम्ही विमावाले ना? मग समाजकार्यही त्याच वाटेचं हवं. न्हाणीघरात घसरून पडू नये म्हणून काय करायचं, ते आम्ही तुम्हाला पडद्यावर दाखवणार.”

“मी आजवर कधी पडलो नाही.”

“पडलात की नाताळात!” शेजारच्या टेबलावरून आउक्येआजी म्हणाल्या. “साबणासकट!”

“तुला कुणी विचारलंय का गं?” आजोबा खेकसले. मग ते मार्लूसकडे वळले. “आणि कुंपण कुजलं म्हणजे?”

“प्लॅस्टिकचं बसवून देतो. कधीच रंगवायला नको.”

आता मात्र आजोबा भडकले. “तुम्ही काय आमच्यावर उपकार करता असं वाटतं तुला? पोरी, तुमच्या रंगापायी आमचं फाटक लागत नाही! आम्ही महिनाभर खरवडतो, ते तुमच्या लोकांसाठी. वर्षभर कचेरीत बसून पांढरीफटक पडलेली माणसं ती! तो हार्मेन, बायको सोडून गेली तेव्हा कुंपणाच्या खांबाला धरून ढसाढसा रडला. त्याला दुसरं बिस्कीट दिलं मी. दुसरं! त्यांना सांभाळणार कोण?”

मार्लूसने हातातली वही मिटली. “आणि तुम्हाला काय मिळतं यातून?”

आजोबांनी रिकाम्या कपात चमचा फिरवला. “मी थांब म्हटलं,” ते म्हणाले, “की कुणीतरी थांबतं.”

आउक्येआजींनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं आणि डबा आजोबांपुढे सरकवला.

मार्लूसने कचेरीत जाऊन योजनाच उलटी मांडली: कुंपणाचा फायदा म्हाताऱ्यांना नाही, आपल्याच माणसांना आहे. माणसं धडधाकट राहिली तर धंदा चालतो. तेव्हा कुंपण हा धंद्याचाच भाग. इतकी वर्षं खर्च म्हणून कपाळाला आठ्या घालणारे साहेब हे ऐकून खूश झाले. टी-शर्टवरचा मजकूर तेवढा बदलला नाही. जुने टी-शर्ट अजून चांगले होते, ते कोण टाकणार?

मे महिन्यात सगळे आले. हार्मेन आला, मार्लूस आली, थोरले साहेबही ब्रश घेऊन रांगेत उभे राहिले. आजोबा खुर्चीत सावरून बसले.

“थांबा!” ते गरजले.

सगळे ब्रश जागच्या जागी थांबले. साहेबांच्या बुटावर रंगाचा थेंब पडला, तरी ते हलले नाहीत. आजोबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. कुणाचं काही चुकलं नव्हतं. एक बोट उघड्या पुलातून सावकाश पलीकडे जाईल एवढा वेळ त्यांनी सगळ्यांना तसंच उभं ठेवलं.

“हं,” ते म्हणाले, “चला आता.”