नागोराव हमालांच्या तीन चुकलेल्या तपासण्या

दवाखान्यात माझं काम एकच. पोटातली मुख्य धमनी फुगली म्हणून जांघेतून आत नळी बसवलेल्या रुग्णांना फोन करकरून दरवर्षी स्कॅनला बोलवायचं. नळी सरकली, बाजूनं रक्त झिरपलं, तरी रुग्णाला काही कळत नाही, स्कॅनमध्येच दिसतं. जो येत नाही त्याच्यावर मी चिडते, आणि ते लपवतही नाही.

नागोराव मार्केट यार्डात हमाल. वय बासष्ट, बिड्या सुटत नव्हत्या, रक्तदाबाच्या गोळ्या मनाला येईल तेव्हा. २०११ साली नळी बसवली. पोट फाडलं नाही, चौथ्या दिवशी घरी गेले, त्यामुळे आजारही त्यांना किरकोळच वाटला. संगणकावरून मेसेज जायचे, पण ते वाचणार कोण? फोन केला की म्हणायचे, "झाली की तपासणी, बाई. इथं घराजवळ, विश्रांतवाडीतच केली. सगळं बरं हाय." तीन वर्षं मी कागद न मागता विश्वास ठेवला. माझंही चुकलंच.

चौदा साली पोटात कळ येऊन ते गाळ्यावरच कोसळले. नळी सरकली होती, धमनी फुटायच्या बेतात होती. दुसरी नळी बसवायची ठरली. दुसऱ्यांदा येणाऱ्यांचा वेगळा फॉर्म असतो. तो भरताना मी फणकाऱ्यानंच विचारलं, "खोटं का बोललात?"

"टोळीत आम्ही आठ जण," ते म्हणाले. "एक आला न्हाई, तर त्याची पोती बाकीच्या सातांच्या पाठीवर. मागल्या बारीला दोन महिने त्यांनी माझी पोती वाहिली. कुणी चकार शब्द काढला न्हाई. परत कोणत्या तोंडानं सुट्टी मागू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसरी नळी नीट बसली, पण मूत्रपिंडं बंद पडली. तिसऱ्या दिवशी नागोराव गेले. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई बाकावर सुन्न बसून होत्या. टोळीचे मुकादम हिंमतराव आले, तेव्हा न राहवून मी त्यांना नागोरावांचं बोलणं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तपासणीला येळ किती लागतो?"

"तासभर."

"तासभर?" ते म्हणाले. "तेवढा येळ तर आम्ही नुसते च्या पीत बसतो, बाई."

एवढं बोलून तो दांडगा माणूस तिथंच फरशीवर बसला आणि रडू लागला. मलाही रडू आवरलं नाही.