भुताच्या अक्षरांचे पेंटर आप्पा

पेंटर आप्पांनी आयुष्यात एकही भुताचा सिनेमा पाहिला नाही. नवापूरच्या टॉकीजला लागणाऱ्या अशा प्रत्येक सिनेमाचं नाव मात्र त्यांनीच रंगवलं. ते नाव नुसतं वाचूनच कितीतरी बायका घरी परत जात, असं टॉकीजचा डोअरकीपर सांगायचा. आप्पा त्याच्याकडूनच गोष्ट ऐकून घेत आणि ती अर्ध्यावर आली की थांबवत. पुढचं ऐकायची त्यांची छाती नव्हती. कोणी चेष्टा केलीच, तर म्हणत, "घाबरेल माणूस लिखस ना, तसं अक्षर पाहिजे. मी घाबरस, म्हणीसन माले जमस."

एरवी त्यांचा हात सरळ होता. शाळांच्या भिंती, दवाखान्यांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळीकडे त्यांचं गोल, शांत अक्षर. भुताचं अक्षरही ते आधी असंच नीट लिहीत. रंग अर्धवट वाळला की त्यावर गोणपाट दाबून ओढत, करवतीच्या पात्याने कडा खरवडत. जुन्या भिंतीचा पोपडा निघावा तसं अक्षर जागोजाग निघून यायचं, तरी वाचता यायचं.

टॉकीज बंद पडलं. त्यानंतर मी गावात फ्लेक्सचं दुकान टाकलं. पाट्या एका दिवसात मिळू लागल्या आणि आप्पांचं काम हळूहळू सुटत गेलं. हे मला कळत होतं. रस्त्यात ते दिसले की मी मोबाईलमध्ये डोकं घालायची.

एका वर्षी सारंगखेड्याच्या जत्रेत तंबू लावणारा एक माणूस माझ्याकडे आला. त्याला 'भयानक भूतबंगला' असा फ्लेक्स हवा होता. इतकी वर्षं त्याचा बोर्ड आप्पा रंगवत असत. मी कॉम्प्युटरवरचा एक तुटका फॉन्ट लावून काम उरकलं आणि फ्लेक्स दुकानाबाहेर टांगला. दुसऱ्या दिवशी आप्पा आले. भांडायला आले असं वाटून मी उभीच राहिले. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ फ्लेक्स पाहिला आणि हळूच म्हणाले,

"बेटा, दोन्ही 'भ' एकच जागावर फुटेल शेतस. तुन्हं भूत रोज एकच जागावर चावस का?"

मी पाहिलं. खरंच होतं. भयानकचा भ आणि भूतचा भ, दोन्ही अगदी त्याच ठिकाणी झिजलेले. इतके फ्लेक्स छापून मला ते कधी दिसलं नव्हतं. मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, तुमच्या अक्षरांचा फॉन्ट करू या का? फॉन्ट म्हणजे काय ते त्यांनी समजून घेतलं आणि एकच अट घातली. प्रत्येक अक्षर तीन तऱ्हेने मोडायचं, म्हणजे शेजारी शेजारी दोन भ आले तरी सारखे दिसायचे नाहीत.

तो हिवाळाभर ते रोज दुपारी येत. जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर काळ्या रंगात वर्णमाला उतरत गेली. मी ती स्कॅन करून कडा काढत बसायची. काही अक्षरं त्यांना पसंत पडत नसत. 'ळ' त्यांनी नऊ वेळा केला. तो नुसता जखमी दिसतो, भीतीदायक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा मी त्यांच्या अक्षरांत 'नवापूर' टाईप केलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. माझी बोटं पाहिली, पडदा पाहिला. "हात मन्हा चालस," ते म्हणाले, "अन् मी बशेल शे."

माफी मागायची तर ती त्याच दिवशी मागायला हवी होती. मी नुसती हसले.

जोडाक्षरं राहिली होती तेव्हा ते ओट्यावरून पडले. डोळ्यांनीही कमी दिसत होतं. सुरतहून मुलगी न्यायला आली. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आम्ही गुजरातेतल्या बाकावर बसलो. जोडाक्षरांची यादी त्यांनी मागून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली.

मग फोन येऊ लागले. आज क्ष झाला, आज त्र झाला. कधी नुसतंच, दुकान उघडं शे ना? पावसाळ्यानंतर एकदा मुलीने फोन केला तो आप्पा गेल्याचं सांगायला.

मी सुरतेला गेले. तिने कागदांची गुंडाळी दिली. निम्मी जोडाक्षरं पुरी होती, उरलेली नीट लिहिलेली, पण मोडायची राहिलेली. ती मी घरी आणून पात्याने मोडली. आज तो फॉन्ट वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दिसतो, नाटकांच्या जाहिरातींत दिसतो. माझी मोडलेली अक्षरं कुठली, ते मला लांबूनही कळतं. ती फक्त तुटलेली आहेत. अशा वेळी त्यांना फोन करावासा वाटतो आणि हात नंबरापर्यंत जातोही.

त्या दिवशी सुरतेहून निघताना त्यांची मुलगी दारापर्यंत आली. म्हणाली, "ताई, इथल्या शेजारणी मला विचारायच्या, तुम्ही दुकान चालवायला नवापूरला जाता तरी कधी? मला काही समजायचंच नाही. मग कळलं, आप्पा सगळ्या बिल्डिंगला सांगायचे, 'नवापूरले आमनं दुकान शे. मन्ही पोर चालाडस.'"