पळसाच्या पानांची भाविका

रिक्षा घरापुढे थांबली, तेव्हा भाविकाला फक्त झोप हवी होती. ती उंबऱ्याकडे वळली, तोच सासू, तापीबाई, दारात आडवी आली. रडत होती, सुनेचा हात घट्ट धरून होती, पण वाट सोडेना.

"तू जित्ती शे, दिखी ऱ्हायनं माले. पन पह्यले जलम ले, मंग घरमा ये वं माय."

भाविकाचा नवरा पितांबर कापसाच्या जिनिंग गिरणीत फिटर. सुदानातही कापूस पिकतो. तिकडं त्याला काम लागलं, ती सोबत गेली. तो एकटाच सुटीवर गावी आला आणि मागे लढाई त्यांच्या वसाहतीत शिरली. बंदूकवाल्यांनी बायकांचे मोबाईल हिसकावले, त्यांना कापसाच्या गोदामात कोंडलं, भाकऱ्या थापायला बसवलं. ज्वारी आपल्यासारखीच, चूलही तीन दगडांची. पण खाणारं कोण, हे मनात आलं की तिचे हात जड व्हायचे. बाजूला तिथलीच हलीमा नमाज पढायची, ही तापीकाठच्या प्रकाशा गावच्या केदारेश्वराचं नाव घ्यायची. मागणं दोघींचं एकच.

एक दिवस बंदूकवाले दुसरीकडे लढायला गेले आणि बायका निघाल्या. पुढं नुसतं चालणं. रस्ताभर पळून निघालेली माणसं, गाढवावर म्हाताऱ्या, डोक्यावर खाटा. भाविका अनवाणी होती, तर हलीमानं आपली एक चप्पल तिला दिली. मग दोघींचा एकेक पाय भाजत राहिला. हलीमा निर्वासितांच्या छावणीतच थांबली. भाविकाला वकिलातीच्या माणसांनी विमानात बसवलं. फोनवर पितांबर नुसता हुंदके देत होता. मुंबईला घ्यायला आला, तेव्हाही काही बोलला नाही.

का, ते आता कळलं. वसाहत जळाली, कुणी उरलं नाही, अशी बातमी इकडे आली होती. घरच्यांनी देहाऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला तिची साडी नेसवली आणि तापीकाठी अग्नी दिला.

"क्रिया झालेल्या माणसाला नव्यानं जन्म घ्यावा लागतो. आता बारसं करावं लागेल," अंगणात बसलेले रतिलाल भटजी म्हणाले. "आणि पितांबरशी पुन्हा लग्न. पहिलं त्या चितेत गेलं."

"भाग्याची गं बाई, दोनदा हळद!" शेजारीण म्हणाली.

भाविका हसली नाही. तिनं नवऱ्याला विचारलं, "पिंडाला कावळा शिवला होता?"

पितांबर खाली बघत म्हणाला, "नाही. दुपार झाली तरी नाही. मग दर्भाचा कावळा करून शिववला."

"कावळ्याला कळलं, मी जिवंत आहे. तुम्हाला नाही कळलं?"

"मला वाटत होतं गं. पण सगळे म्हणाले, तिच्या जिवाला मोकळं कर."

ती ओट्यावर टेकली. भांडायलासुद्धा अंगात जोर नव्हता.

"जन्म घेते," ती म्हणाली. "लग्नाचं मात्र मला विचारून ठरवायचं. आज विचारू नका."

"असं अर्धं चालत नाही, पोरी," भटजी म्हणाले.

"चालवा, काका. देव समजून घेईल."

भटजींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तापीबाईनं तिच्या डोक्यावर तापीचं पाणी ओतलं, कोरी साडी गुंडाळली, कानात कुर्र केलं.

"नाव काय ठेवू वं माय?"

"भाविकाच."

मग तापीबाई दारातून बाजूला झाली. भाविका आत गेली आणि ओल्या केसांनीच आडवी झाली. पितांबरनं आपली खाट उचलून अंगणात टाकली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.