समुद्राच्या गाळात बाभळीची राख

हौशीरामनं समुद्र कधी बघितला नाही. समुद्रच त्याच्याकडं येतो, पिशव्यांत भरून. कारेगावात कंपन्यांच्या मागच्या अंगाला एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथं जहाजावरून काढलेला अरबी समुद्राच्या तळाचा गाळ बोटभर जाडीच्या चकत्या करून पाठवतात. हौशीरामनं तो भट्टीत वाळवायचा, दगडी खलात घोटायचा, चाळायचा, डबीत भरायचा. डबी मग शिशाच्या जाड पेटीत जाते आणि आतलं मशीन तिच्यातले किरण मोजत बसतं.

मोजायचं काय, तर धूळ. साठ-सत्तर वर्षांमागं कुणीकुणी कुठल्या बेटांवर, वाळवंटात अणुबॉम्ब फोडून बघितले. त्यांची धूळ आभाळात चढली, जगभर फिरली, पावसाबरोबर समुद्रात उतरली आणि तळाशी बसली. ज्या थरात ती सापडेल तो थर बॉम्बनंतरचा. खालचे थर त्याआधीचे, त्यांत ती दिसता कामा नये. अनुपमा मॅडम हे प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, आणि दर वाक्याला एक 'ॲक्च्युली' चिकटवतात. हौशीराम 'व्हय व्हय' करतो. त्याला सगळं कळतं असं नाही, पण ऐकायला बरं वाटतं. दिवसभरात त्याच्याशी बोलणारं माणूस तेवढं एकच.

पन्नाशीचा गडी. बायको वारली, मूलबाळ नाही. खोलीच्या शेजारी शिफ्टवाली परप्रांतातली पोरं. "चाचा, पानी आया?" "आया." झालं बोलणं. त्याचा बाप म्हस्कू मेंढरांमागं आठ-आठ महिने रानात असायचा, तो मेंढरांशी बोलायचा. हौशीराम गाळाशी बोलतो. भट्टीत पिशवी रिकामी करताना म्हणतो, "ये बाई, लई भिजलीस. वाळ जरा."

माणसांशी उरलेला धागा म्हणजे गावाकडची, मांडवगण फराट्याची म्हातारी आई, बानूबाई. गावच्या अयुबचा टेम्पो आठवड्याला तिकडून भाजी घेऊन येतो. त्यात हौशीरामसाठी एक डबा असतो. डब्यात राख. मेंढरांच्या तळावर पाणी प्यायलाच पुरायचं नाही, म्हणून धनगराघरची भांडी कोरड्या राखेनं घासायची आणि फडक्यानं पुसायची. पाण्याचा थेंब नाही लागायचा. हौशीराम खल तसाच घासतो. साबणानं म्हणे दगड ओशट राहतो. घरी गॅस आहे, धाकटी सून धुरानं कावते, तरी बानूबाई अंगणातली चूल विझू देत नाही. सांगते काय, "माझ्या हौश्याच्या हापिसाला राख लागती." जसं काही राखेवाचून जहाजच अडलंय.

मागल्या महिन्यात मशीननं घात केला. अगदी तळच्या चकत्या पहिल्यांदाच मोजायला घेतल्या, तर त्यांतही बॉम्बची धूळ दिसली. मॅडमचं 'ॲक्च्युली' बंद झालं. हौशीरामला तेवढ्यावरनंच कळलं, प्रकरण जड आहे. एकतर जहाजावर गाळ ढवळला गेला, नाहीतर इथं कुणाच्या हातून काही मिसळलं. मोठ्या साहेबांनी फोनवर विचारलं, पिशव्या हाताळतं कोण? हौशीराम दाराबाहेरच होता. त्याला नोकरी गेलेली दिसली. मागोमाग राहती खोली, आणि तिच्यात बिनकामाचा दिवसभर बसलेला तो स्वतः.

मॅडमनी बॉम्बची धूळ नसलेली कोरी वाळू आणली. त्याच्यासमोर ठेवून म्हणाल्या, गाळासारखंच हिचंही सगळं करा. त्यानं केलं. वाळूतही तीच धूळ निघाली. मग मॅडम स्टूल घेऊन त्याच्या मोरीपाशी बसल्या आणि त्यानं खल घासायला डबा उघडला.

"काका, हे काय?"

"राख, मॅडम. बाभळीची. आमच्या घरची."

मॅडमनी डबाच उचलून नेला. राखेची डबी पेटीत गेली, आणि मशीनच्या पडद्यावरच्या रेघेत नको त्या जागी, बॉम्बच्या धुळीच्या खुणेवर, टेकाड उभं राहिलं.

मॅडम रागावल्या नाहीत, हे जास्त अवघड होतं. त्यांनी समजावलं, की ती धूळ नुसती समुद्रात नाही, जमिनीवरही पडली. झाडांनी मुळांतून ओढली. लाकूड जळून मूठभर राख उरते, तिच्यात ती साठते.

"म्हंजी आमच्या चुलीत बॉम्ब हाय?"

"ॲक्च्युली जगातल्या सगळ्याच चुलींत. अगदी किंचित, त्यानं कुणाला काही होत नाही. पण समुद्राच्या तळचा गाळ इतका कोरा असतो ना काका, की त्यात एवढंही दिसतं."

शीतघरात त्याच गाळाचा निम्मा भाग राखून ठेवलेला होता, म्हणून काम वाचलं. नवे खल आले, धुण्याची पद्धत बदलली. साहेबांना मॅडमनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण हौशीराम राहिला. डबा मात्र बंद.

रविवारी त्यानं आईला फोन लावला. बॉम्बाचं काढलंच नाही.

"आये, राख पाठवू नगंस आता."

"का रं? मी तर चाळून देती."

"हितं मशीन आणलंय धुवायला."

बानूबाई म्हणाली, "मंग आता अयुबजवळ काय देऊ?"

त्यानं मनात मोजलं. जेवण मेसचं, कपडे दोन, खोलीत जागा नाही.

"काय नगं," तो म्हणाला.

"बरं," म्हणून तिनं फोन खाली ठेवला. बंद करायचं तिला येत नव्हतं. हौशीरामच्या कानात तिकडचं अंगण चालू राहिलं. कोंबड्या, तिचा खोकला, मग चुलीतली लाकडं ओढून त्यांवर पाणी टाकल्याचा चरचर आवाज. तो आवाज विरला तरी त्यानं फोन कानाचा काढला नाही.