खोकीवाल्याची दुसरी पाळी

पुठ्ठ्याची खोकी बनवतो म्हणून गल्लीत सगळे त्याला खोकीवाला म्हणतात. बावीस वर्षांचा धंदा. एक शेड, एक मशीन, सहा माणसं, आणि माल बांधण्यापासून पोचवण्यापर्यंत सगळ्यावर नजर ठेवणारी बायको. बाजाराचा अंदाज तो खोक्यांवरूनच बांधतो. कारखान्यांनी खोकी जास्त मागवली की दोन महिन्यांनी दुकानांत गर्दी दिसते, हा त्याचा अनुभव. तो आजवर फारसा चुकला नव्हता.

यंदा चपलांच्या कारखान्याने एकदम दुप्पट खोकी मागवली. पाठोपाठ बिस्किटवाल्यानेही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. बाकी सगळे धंद्याच्या नावाने रडत असताना खोकीवाल्याने बेत पक्का केला: शेजारची रिकामी शेड, दुसरं मशीन, दुसरी पाळी. त्या पाळीवर विश्वासाचं माणूस हवं होतं. धाकटा भाऊ बस डेपोत मेकॅनिक होता. पंधरा वर्षांची कायम नोकरी.

"दादा, बाजाराचं काही खरं नाही म्हणतात," भाऊ म्हणाला.

"म्हणणारे खोकी बनवत नाहीत."

"आणि मशीन नुसतं बसून राहिलं तर?"

"तर त्याच्यावर झोप काढ. डेपोत तरी वेगळं काय करतोस?"

भाऊ हसला. शुक्रवारी राजीनामा द्यायचं ठरलं.

त्याच शुक्रवारी बायको टेम्पोबरोबर चपलांच्या कारखान्यात गेली. एरवी माल फाटकावरच उतरवून घेत. त्या दिवशी फाटकात ट्रक अडकला होता, म्हणून टेम्पो थेट गोदामात नेला. दुपारी परत आली ती चप्पल न काढताच बोलू लागली.

"आपले गठ्ठे छतापर्यंत रचलेत तिथे. सगळ्यांना माझीच गाठ. एकही सुटलेली नाही."

"पुढे मोठी ऑर्डर असेल त्यांची."

"कसली ऑर्डर! गोदामवाल्याला विचारलं मी. चपला गेल्या वर्षीपेक्षा कमीच खपतात म्हणाला. पुठ्ठा महागणार असं कानावर आलं, म्हणून भरून ठेवलीत. आता सहा महिने खोकी नकोत."

"कोणी सांगितलं त्यांना?"

"तुम्हीच."

ते खरं होतं. ऑर्डर घ्यायला जाईल तिथे पुठ्ठा महागणार असल्याचं तो सहज बोलून गेला होता. ऐकणाऱ्यांनी साठा केला आणि त्याने तो साठा वाढ म्हणून मोजला.

भाऊ फोन उचलेना. खोकीवाला स्कूटर काढून डेपोत पोचला. भाऊ बसखालून हात पुसत बाहेर आला. मागून कोणीतरी ओरडलं, "शेठ आले रे, उठून उभे राहा!"

"दिलास?"

"सकाळीच. साहेबांनी दोनदा विचारलं, नीट विचार केलायस ना? म्हटलं, दादाने केलाय."

खोकीवाल्याने सगळं सांगितलं. मग दोघे कार्यालयात गेले. कागद मुख्य कचेरीत गेला आहे, तरी मागे घेण्याचा अर्ज देऊन ठेवा, असं कारकून म्हणाला. भावाने तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला.

नवव्या दिवशी राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र आलं. अर्जाचा त्यात उल्लेख नव्हता.

दुसरं मशीन आलं नाही. भाऊ रोज वेळेवर शेडमध्ये येतो. दुपारी तीननंतर सहा जणांनाही पुरेल एवढं काम नसतं. दादाने सांगितलं ते करतो. स्वतःहून बोलतो ते फक्त वहिनीशी.